साधे पाणीही पोटाला का सोसत नाही?

पुणे (प्रतिनिधी) - तिखटजाळ खाल्ले, शिळे खाल्ले, चहा जास्त झाला किंवा रात्रीचे जागरण झाले, तर पोट बिघडते, हे सर्वांना ठाऊक असते. मात्र "नुसते पाणी प्यायले तरी पोटात कळ येते" असे कोणी सांगितले, की ऐकणाऱ्याला ते खरे वाटत नाही. पाण्याला ना तेल, ना मसाला, ना चव. मग ते बाधेल कसे? घरातली मंडळी "मनावर घेऊ नकोस" म्हणतात आणि विषय तेथेच संपतो. वास्तविक हा मनाचा खेळ नव्हे. पाणी प्यायल्यावर पोट फुगणे, जड होणे, मळमळणे, जळजळणे किंवा मुरडा येणे यांमागे शारीरिक कारणे असतात. त्यांतील बरीचशी साध्या उपायांनी दूर होतात. थोडी कारणे मात्र दुर्लक्ष करण्यासारखी नसतात.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये हिंगण्याच्या माळावर आला. ते हिंगणे बुद्रुक आज कर्वेनगर म्हणून ओळखले जाते. शिक्षणसंस्था, वसतिगृहे, कॉट बेसिसच्या खोल्या, खाणावळी आणि त्यांच्या शेजारीच निवृत्त मंडळींच्या जुन्या सोसायट्या, असे या उपनगराचे स्वरूप आहे. या दोन्ही पिढ्यांच्या पाणी पिण्याच्या सवयी पाहिल्या, तर तक्रारीचे अर्धे मूळ तेथेच सापडते.

बाहेरगावाहून शिकायला आलेली एखादी विद्यार्थिनी सकाळी न्याहारी न करताच बाहेर पडते. स्वच्छ स्वच्छतागृह मिळेल की नाही, या चिंतेने दिवसभर पाणी टाळते आणि रात्री खोलीवर आल्यावर बाटलीभर पाणी एका दमात संपवते. दुसरीकडे एखादे आजोबा पहाटे उठून तांब्याच्या भांड्यातले रात्रभर ठेवलेले लिटरभर पाणी 'उषःपान' म्हणून पितात. दोघांचेही पोट कुरकुरते. मग एक तर पाणी कमी केले जाते किंवा औषधाच्या दुकानातून ॲसिडिटीची गोळी आणली जाते. हे दोन्ही निर्णय घाईचे आहेत. त्याआधी तीन प्रश्न विचारायला हवेत : पाणी कसे प्यायले, ते कोणत्या अवस्थेतील पोटात गेले आणि ते पाणी कसे होते?

पाणी पोटात गेल्यावर काय घडते?

रिकामे जठर आकसलेले असते. अन्न किंवा पाणी येऊ लागले, की मेंदूकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या इशाऱ्याने जठराचा वरचा भाग सैल पडतो आणि जागा करून देतो. त्यामुळेच एरवी मुठीएवढे वाटणारे जठर जेवणाच्या वेळी लिटरभर ऐवज सहज सामावून घेते. पाण्याला पचनाची गरज नसते. ते जठरात फार काळ थांबत नाही; साधारणपणे १० ते २० मिनिटांत त्यातील निम्मे पाणी पुढे लहान आतड्यात जाते. शरीरात पाणी शोषले जाण्याचे मुख्य काम तेथे आणि काही प्रमाणात मोठ्या आतड्यात होते.

या व्यवस्थेत तीन ठिकाणी अडचण येऊ शकते. जठर वेळेवर सैल झाले नाही, तर थोड्या पाण्यानेही ताण येतो. जठराच्या किंवा अन्ननलिकेच्या अस्तराला सूज वा जखम असेल, तर जळजळ होते किंवा कळ येते. आणि पाणी पोटात गेल्याचा इशारा मिळाल्यावर मोठे आतडे जोराने आकुंचन पावले, तर मुरडा येऊन शौचाला जावेसे वाटते. हे शेवटचे काही अंशी सर्वांमध्येच घडते. सकाळी पाणी किंवा चहा घेतल्यावर पोट साफ होते, ते यामुळेच. ज्यांचे आतडे जात्याच हळवे असते, म्हणजे डॉक्टर ज्याला 'आयबीएस' म्हणतात तो त्रास ज्यांना असतो, त्यांना मात्र हीच क्रिया वेदनादायक वाटते.

पिण्याची पद्धत

सर्वांत सामान्य कारण म्हणजे घाई. तहान लागेपर्यंत थांबायचे आणि मग अर्धा लिटर पाणी घटाघटा प्यायचे, यात जठराला सैल होण्यास पुरेसा अवधीच मिळत नाही. शिवाय प्रत्येक मोठ्या घोटाबरोबर हवाही गिळली जाते.

हवेच्या बाबतीत आपल्याकडची एक पद्धत विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. तांब्या किंवा बाटली ओठांना न लावता वरून धार धरून पाणी पिण्याची सवय अनेक घरांत लहानपणापासून लावली जाते. एकच भांडे अनेकांनी वापरायचे असेल, तर स्वच्छतेच्या दृष्टीने ही पद्धत चांगलीच आहे. परंतु अशा पिण्यात श्वास रोखून सलग गिळावे लागते आणि पाण्याबरोबर हवा अधिक जाते. पाणी प्यायल्याबरोबर पोट फुगून ढेकर येऊ लागणे, ही याची खूण होय. अशांनी आठवडाभर पेल्याने, घोटाघोटाने पाणी पिऊन पाहावे. अनेकदा तेवढ्यानेच फरक पडतो.

पाणी बसून प्यावे की उभ्याने, यावर घरोघरी वाद होतात. उभ्याने प्यायल्यास गुडघे दुखतात, या समजुतीला शास्त्रीय आधार नाही. बसल्यावर माणूस सावकाश पितो, एवढा फायदा मात्र खरा.

फ्रिजमधील अतिथंड पाण्याने जठर रिकामे होण्याचा वेग सुरुवातीला काहीसा मंदावतो. निरोगी माणसाला हे जाणवतही नाही. पण ज्यांच्या अन्ननलिकेचे स्नायू आखडतात, त्यांना थंड पाण्याने छातीच्या मध्यभागी जोराची कळ येऊ शकते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. छातीत दुखणे, घाम फुटणे, हाताकडे किंवा जबड्याकडे कळ जाणे अशी लक्षणे असतील, तर 'पाणी बाधले' असे समजून थांबू नये. ती हृदयविकाराची चिन्हे असू शकतात आणि अशा वेळी तातडीने रुग्णालय गाठणे हाच उपाय आहे.

जेवताना पाणी प्यावे की नाही, हाही जुनाच प्रश्न. वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त जेवणाच्या मध्ये घेतलेले पाणी समतोल राखते, असे मत नोंदवले आहे. आजचे शरीरशास्त्र सांगते, की पेलाभर पाण्याने जठरातील आम्ल पातळ होते ते काही मिनिटांपुरतेच. त्याने पचन थांबत नाही. मात्र ज्यांचे पोट लवकर भरते, त्यांनी जेवताना थोडेच पाणी घेऊन उरलेले दोन जेवणांच्या मधल्या वेळेत घ्यावे, हे व्यवहारात सोयीचे ठरते.

पोटाची अवस्था

पद्धत सुधारूनही त्रास कायम राहिला, तर लक्ष पोटाकडे वळवावे. जठराच्या अस्तराला आलेली सूज, म्हणजे गॅस्ट्रायटिस, हे यामागील एक प्रमुख कारण आहे. उपाशीपोटी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, मद्य आणि एका विशिष्ट जिवाणूचा संसर्ग यांमुळे ती होते. धूम्रपानानेही पोटाचे दुखणे बळावते. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या नेहमीच्या गोळ्या जठराचे संरक्षण करणारा थर दुबळा करतात. गुडघेदुखीसाठी अशा गोळ्या महिनोन्‌महिने घेणाऱ्या ज्येष्ठांनी पोटाची तक्रार सांगताना या गोळ्यांचा उल्लेख डॉक्टरांकडे आवर्जून करावा.

ज्या जिवाणूचा वर उल्लेख आला, त्याचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. पोटातील व्रण, म्हणजे अल्सर, हा चिंतेमुळे आणि तिखटामुळे होतो, असे दीर्घ काळ मानले जात होते. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये या जिवाणूचा शोध लावला. कोणी विश्वास ठेवीना, तेव्हा मार्शल यांनी १९८४ मध्ये स्वतःच हे जिवाणू पिऊन जठराला सूज येते, हे दाखवून दिले. या दोघांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात हा संसर्ग मोठ्या प्रमाणावर आढळतो. तो झालेल्या प्रत्येकाला अल्सर होतो असे नाही. परंतु त्रास असलेल्यांची विष्ठेच्या, श्वासाच्या किंवा दुर्बिणीच्या तपासणीने निश्चिती करता येते आणि प्रतिजैविकांच्या ठरावीक मुदतीच्या उपचाराने तो बरा होतो. ॲसिडिटीची गोळी मनानेच घेत राहिल्यास लक्षणे दबतात, जिवाणू मात्र तसाच राहतो. एवढेच नव्हे, तर गोळी चालू असताना ही तपासणी चुकीचा निर्वाळा देऊ शकते. म्हणूनच तपासणीपूर्वी गोळी किती दिवस थांबवायची, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.

अनेक रुग्णांच्या बाबतीत मात्र दुर्बिणीतून पाहूनही जठरात काहीच दोष दिसत नाही. तरीही थोडे खाल्ले-प्यायले की पोट गच्च होते, वरच्या भागात दुखते किंवा जळजळते. याला 'फंक्शनल डिस्पेप्सिया', म्हणजे कार्यात्मक अपचन म्हणतात. जठराची रचना ठीक असते. ते सैल होण्याची क्रिया कमी पडते किंवा तेथील संवेदना अतितीव्र झालेल्या असतात. याचा अभ्यास करताना संशोधकांनी साध्या पाण्याचाच उपयोग केला आहे, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. 'वॉटर लोड टेस्ट' नावाच्या चाचणीत व्यक्तीला पोट भरल्यासारखे वाटेपर्यंत पाणी पिण्यास सांगितले जाते. कार्यात्मक अपचन असलेल्यांचे पोट निरोगी व्यक्तींपेक्षा कमी पाण्यातच भरते. तेव्हा "पाण्यानेही पोट गच्च होते" असे सांगणारा माणूस अतिशयोक्ती करीत नसतो. त्याचे म्हणणे मोजता येते.

याखेरीज अनेक वर्षांचा मधुमेह असलेल्यांमध्ये जठराच्या मज्जातंतूंवर परिणाम होऊन ते सावकाश रिकामे होते. गरोदरपणात, विशेषतः सुरुवातीच्या महिन्यांत, पाण्यानेही मळमळ होऊ शकते. अशा वेळी थोडे थोडे पाणी वारंवार घेणे हिताचे असते. पण पाणीही पोटात ठरेनासे झाले, तर उशीर न करता डॉक्टरांना दाखवावे.

पाणी कसे आहे?

तिसरा प्रश्न पाण्याचा. पुणे शहराला मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणसाखळीतून पाणी मिळते. धरणाचे पाणी क्षारांच्या दृष्टीने हलके असते. उलट आपल्या भागातील काळ्या खडकातून येणारे बोअरचे पाणी बहुधा जड असते. जेथे नळाचे पाणी अपुरे पडते, तेथे सोसायट्या बोअर आणि टँकरचा आधार घेतात आणि जमिनीखालच्या टाकीत तिन्ही पाणी एकत्र होते. नळ एकच असला, तरी त्यातून येणारे पाणी रोज एकसारखे असेलच असे नाही.

पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास २,००० पर्यंत चालते. सल्फेटसाठी हीच मर्यादा अनुक्रमे २०० आणि ४०० मिलिग्रॅम आहे. सल्फेट व मॅग्नेशियम जास्त असलेले पाणी रेचकासारखे काम करते. गावाकडच्या किंवा नव्या घरच्या पाण्याने पहिले काही दिवस पोट ढिले होणे, म्हणजेच 'पाणी मानवत नाही' असे आपण म्हणतो, त्यामागे कित्येकदा हे क्षार असतात. पाणी उकळल्याने जंतू मरतात. क्षार कमी होत नाहीत, उलट पाण्याची वाफ झाल्याने ते किंचित वाढतात.

तांब्याच्या भांड्याबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत. रात्रभर तांब्यात ठेवलेल्या पाण्यातील काही जिवाणू नष्ट होतात, हे प्रयोगांत दिसून आले आहे. परंतु तांबे प्रमाणाबाहेर उतरले, तर मळमळ, उलटी आणि पोटदुखी होते. जागतिक आरोग्य संघटनेने पाण्यातील तांब्याची मर्यादा लिटरमागे २ मिलिग्रॅम ठरवली आहे. स्वच्छ घासलेल्या भांड्यात रात्रभर ठेवलेले साधे पाणी सामान्यतः या मर्यादेत राहते. मात्र हिरवट थर चढलेले भांडे, दोन-दोन दिवस न बदललेले पाणी किंवा त्यात पिळलेले लिंबू यांमुळे तांबे अधिक उतरते. उषःपानानंतरच मळमळ होत असेल, तर काही दिवस स्टीलच्या किंवा मातीच्या भांड्यातले पाणी पिऊन पाहावे.

नदीपलीकडचा धडा

क्षार आणि तांबे यांपेक्षा गंभीर प्रश्न जंतूंचा. त्याची जाणीव पुणेकरांना जानेवारी २०२५ मध्ये झाली. कर्वेनगरातून राजाराम पूल ओलांडला, की मुठेच्या पलीकडे सिंहगड रस्ता लागतो. त्या रस्त्यावरील आणि २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या नांदेड, किरकटवाडी या भागांत गिया-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकाएकी वाढले. पुणे परिसरातील संशयित रुग्णांची संख्या पुढे दोनशेच्या वर गेली आणि काहींचा मृत्यू झाला. पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत केलेल्या तपासणीत काही रुग्णांच्या विष्ठेत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला. दूषित पाणी हे या उद्रेकाचे संभाव्य कारण मानले गेले.

कॅम्पिलोबॅक्टरमुळे होणारा त्रास सहसा जुलाब, मुरडा, ताप एवढाच असतो आणि आठवडाभरात थांबतो. परंतु साधारणपणे हजारातील एखाद्या रुग्णात शरीराची प्रतिकारशक्ती एक ते तीन आठवड्यांत आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. पायांत मुंग्या येतात, जिना चढता येत नाही, अशक्तपणा वर सरकत जातो. पोटाच्या तक्रारीनंतर असे काही जाणवल्यास एक दिवसही थांबू नये.

येथे पुन्हा ॲसिडिटीच्या गोळीचा संबंध येतो. जठरातील आम्ल हे जंतूंविरुद्धचे शरीराचे पहिले संरक्षण आहे. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या नियमित घेणाऱ्यांमध्ये कॅम्पिलोबॅक्टर आणि साल्मोनेला यांच्या संसर्गाचा धोका वाढतो. गरज असेल तेथे या गोळ्या अवश्य घ्याव्यात. पण पाणीच दूषित असताना "पाणी प्यायले की जळजळते" म्हणून मनानेच गोळी सुरू करणे, म्हणजे दार उघडे ठेवून झोपण्यासारखे आहे.

घरच्या घरी शोध

नेमके कारण शोधण्यासाठी सात दिवसांची वही ठेवावी. पाणी कधी, किती, कोणत्या भांड्यातून, थंड की साधे, रिकाम्या पोटी की जेवणानंतर घेतले आणि त्रास किती मिनिटांनी झाला, एवढेच लिहावे. पहिले तीन दिवस नेहमीप्रमाणे वागावे. पुढचे चार दिवस साधे, खोलीच्या तापमानाचे पाणी बसून, अर्धा-अर्धा पेला, सावकाश घ्यावे. फरक पडला, तर दोष पद्धतीचा. घरी त्रास होतो आणि कॉलेजात किंवा कचेरीत होत नाही, असे दिसले, तर पाण्याची तपासणी करावी. कोठलेही पाणी प्यायले तरी त्रास होतो, असे असेल, तर पोटाची तपासणी करून घ्यावी.

सोसायटीच्या टाकीची शेवटची सफाई कधी झाली, हे सभासदांनी विचारलेच पाहिजे. पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे की नाही, हे ओटी चाचणीने काही मिनिटांत कळते. पाणी पिवळसर झाले, तर क्लोरीन आहे. मानकानुसार ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावे आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा जिवाणू एकही आढळू नये. शंका असल्यास पाणी खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळत ठेवावे आणि झाकून गार करावे. टँकरच्या पाण्याला हा नियम अपवादाविना लावावा.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

पुढीलपैकी एकही लक्षण असेल, तर घरगुती उपाय थांबवून वैद्यकीय सल्ला घ्यावा. डांबरासारखी काळी शौच किंवा रक्ताची उलटी, कारण नसताना वजन घटणे, पाणी किंवा घास गिळताना अडकणे, आदल्या दिवशीचे अन्न उलटीतून पडणे, रक्तक्षय, कावीळ, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी, चाळिशी उलटल्यानंतर प्रथमच सुरू झालेली आणि न थांबणारी तक्रार. केवळ पाण्याचा घोट अडकतो, ही तक्रारसुद्धा अन्ननलिकेच्या विकाराची सुरुवात असू शकते.

आणि तपास चालू असेपर्यंत पाणी तोडू नये. पाणी कमी केल्याने बद्धकोष्ठ, मुतखडा आणि, विशेषतः मुलींमध्ये, लघवीच्या मार्गाचा संसर्ग यांना वाव मिळतो. म्हणजे एक दुखणे टाळताना दुसरे पदरी पडते. अतिरेकही नको. मूत्रपिंडे तासाला साधारण लिटरभरच पाणी बाहेर टाकू शकतात. त्याहून अधिक पाणी सतत पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घसरते. तहानेप्रमाणे, दिवसभर विभागून आणि सावकाश प्यायलेले स्वच्छ पाणी बहुतेकांना मानवते. तरीही ते मानवत नसेल, तर पोट काही सांगत आहे असे समजावे आणि ते ऐकून घ्यावे.